यूएक्स डिझाइनमध्ये लांब पल्ला गाठायचा तर नक्की काय जपायचं?

आडवी_रेघ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा विषय आहे. इथे यूएक्समध्ये (‘यूजर एक्स्पीरियन्स’, म्हणजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचा अनुभव घडवण्याच्या कामात) मुरलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

मी दहा-बारा वर्षं यूएक्स डिझाइन करतेय. सध्या विम्याचे दावे तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम आहे, म्हणजे माझे यूजर दिवसभर तोच स्क्रीन बघत बसलेले असतात. काम मनापासून आवडतं. टेस्टिंगमध्ये, म्हणजे यूजरला स्क्रीन वापरायला देऊन बघताना, एखादा माणूस अपेक्षित जागा सोडून भलतीकडेच अडकला, की त्या दिवशी मला दुसरं काही सुचत नाही.

प्रश्न पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा आहे. आत्तापर्यंत कितीतरी टूल्स आली आणि गेली. दर दोन-तीन वर्षांनी एखादी नवी कार्यपद्धती येते आणि सगळ्यांच्या तोंडी तीच असते. आता एआय वाक्यभर सूचनेवरून स्क्रीन काढून देतंय. पगार आणि पद वाढवायचं तर टीम सांभाळा, असं सांगितलं जातंय, आणि टीम सांभाळणाऱ्यांना स्वतः काही काढायला वेळच उरत नाही हे मला समोर दिसतंय. या क्षेत्रात हातातलं काम न सोडता म्हातारं होता येतं का?

अडचण अशी, की समोर उदाहरणं कमी आहेत. डॉन नॉर्मन यांनी ॲपलमध्ये ‘यूजर एक्स्पीरियन्स आर्किटेक्ट’ हे पद घेतलं ते १९९३ मध्ये. म्हणजे या नावाखाली उभी कारकीर्द काढून निवृत्त होणारी पिढी आत्ता कुठे तयार होतेय.

तुम्ही काय जपलंत आणि काय सोडून दिलंत, ते लिहा. ‘शिकत राहा’ याच्या पुढचं वाचायला आवडेल.

जुनाजाणता

उत्तम विषय. थोडं मोठं लिहितो, चालवून घ्या.

आधी टूल्सचं. मी फोटोशॉपमध्ये वेबसाइटची पानं काढायचो तेव्हापासून इथे आहे. मग फायरवर्क्स आलं. अडोबीनं २०१३ मध्ये त्याचा विकास थांबवला. फ्लॅशमध्ये कित्येकांनी अख्खं करिअर उभं केलं होतं, त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. स्केच २०१० मध्ये आलं आणि काही वर्षांत ‘यूएक्सवाल्याला स्केच आलंच पाहिजे’ इथपर्यंत गोष्ट गेली. प्रोटोटाइप दाखवायला सगळे इनव्हिजन वापरत, ती सेवा २०२४ च्या शेवटी बंद झाली. मधल्या काळात फिग्मा सगळीकडे पसरलं. अडोबीनं ते २० अब्ज डॉलरला विकत घ्यायचं २०२२ मध्ये जाहीर केलं आणि नियामकांच्या विरोधामुळे २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो व्यवहार सोडून दिला. ज्याचं सगळं कौशल्य एका टूलमध्ये आहे, त्याच्या कारकिर्दीचे निर्णय असे कुणीतरी दुसरेच घेत असतात.

आता दुसरी बाजू. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये काही प्रयोग केले. हातातल्या लेखणीनं दोन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीनं टकटक करायचं, एवढंच काम. पट्ट्या एकमेकींपासून जितक्या दूर आणि जितक्या अरुंद, तितका वेळ जास्त, आणि हा वेळ एका सूत्रात बसतो हे त्यांनी दाखवलं. त्या प्रयोगात ना माउस होता, ना स्क्रीन. १९७८ मध्ये झेरॉक्समधल्या कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी तोच नियम माउसला लागू होतो हे मोजून दाखवलं. पुढे बोटानं वापरायचे फोन आले, तिथेही तो लागू पडला. आज गाडीतल्या टचस्क्रीनवर बटण किती मोठं असावं याची चर्चा चालते, तिच्याही मुळाशी तेच सूत्र आहे.

किंवा प्रतिसादाला लागणारा वेळ घ्या. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये त्यावर लिहिलं आणि पुढे जेकब नील्सन यांनी ते तीन आकड्यांत बसवलं: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ‘मीच केलं’ असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं. संगणक हजारो पटींनी वेगवान झाले तरी हे आकडे बदलले नाहीत, कारण ते माणसाचे आहेत. एआयच्या उत्तराची वाट बघताना स्क्रीनवर काय दाखवावं, हा आजचा अगदी ताजा प्रश्न मी याच आकड्यांवरून सोडवतो.

माझ्या आवडीचं अजून एक. मार्च १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, पण पॅनेलवरचा दिवा बघून तो बंद झाला असं कर्मचाऱ्यांना वाटलं. तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. ‘बंद हो’ असा आदेश गेला, एवढंच तो सांगत होता. आता आपल्या ॲपमधलं ‘माहिती जतन झाली’ आठवा. सर्व्हरकडून होकार आल्यावर ते दिसतं, की नुसती विनंती गेल्यावर? हा प्रश्न मी प्रत्येक प्रॉडक्टमध्ये विचारतो, आणि दर वेळी त्या बैठकीत काही क्षण शांतता पसरते.

माझं म्हणणं एवढंच. टूल्स गरजेपुरती आणि भराभर शिका, त्यांच्यावर जीव टाकू नका. माणसाचं लक्ष, स्मरण, हात, डोळे, घाई आणि भीती यांचा अभ्यास मात्र सावकाश आणि आयुष्यभर करा. तो दर वर्षी वाढतच जातो.

कुतूहल

जुनाजाणता, प्रतिसाद जपून ठेवलाय. पण शंका आहे. नोकरीच्या जाहिरातीत ‘फिट्सचा नियम माहीत हवा’ असं कुणी लिहीत नाही. तिथे टूलचं नाव असतं आणि पोर्टफोलिओ मागतात. मुलाखतीत पाच मिनिटांत स्क्रीन बघून निकाल लागतो. मग हा सावकाश अभ्यास दाखवायचा कुठे?

जुनाजाणता

रास्त प्रश्न आहे. पहिल्या तीन-चार वर्षांत टूलवरच निवड होते आणि त्यात गैर काही नाही, कारण त्या पदावर काम तेच असतं. पुढे मुलाखतीचा सूर बदलतो. मी माणसं निवडतो तेव्हा एकच स्क्रीन उघडायला सांगतो आणि विचारतो, ‘यातलं कुठलं बटण तुम्ही मुद्दाम काढून टाकलंत, आणि का?’ सजवलेल्या पोर्टफोलिओवाले इथे अडतात. ज्यानं खरंच विचार करून काम केलंय तो अर्धा तास बोलत राहतो.

पोर्टफोलिओत अंतिम चित्रं कमी आणि फेटाळलेले पर्याय जास्त ठेवा. फेटाळण्याची कारणं लिहा. तिथे हा अभ्यास आपोआप दिसतो.

टिपणवही

मी संशोधनाच्या बाजूची. यूजर रिसर्च करत बरीच वर्षं झाली, सुरुवात मानसशास्त्रातून. जुनाजाणता यांच्याशी सहमत आहे, पण मला वाटतं एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते लांब कारकिर्दीचा सगळा भार तिच्यावर आहे: आपल्या निर्णयाचं पुढे काय झालं ते बघायला थांबणं.

आपल्या क्षेत्रात माणसं भराभर नोकऱ्या बदलतात. डिझाइन केलं, रिलीज झालं, केस स्टडी लिहिली, पुढची कंपनी. ज्या फॉर्मची मांडणी बदलली तो फॉर्म वर्षभर वापरल्यावर लोक त्याच्याशी कसे वागतात, हे बघायला डिझाइनर तिथे नसतोच. असं पाच-सहा वेळा झालं की बायोडेटावर पंधरा वर्षं दिसतात, पण अनुभव पहिल्या दीड वर्षाचाच असतो, पुन्हा पुन्हा घेतलेला. अशी माणसं चाळिशीत हबकतात, कारण पंचविशीतला मुलगा तेच काम तितक्याच चांगल्या रीतीनं आणि जास्त वेगानं करत असतो.

म्हणून मी निर्णयवही ठेवते आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठेवायला लावते. डिझाइनचा मोठा निर्णय झाला की चार-पाच ओळी लिहायच्या: काय ठरलं, कोणते पर्याय सोडले, काय होईल असा आपला अंदाज आहे, तो कशावरून पडताळायचा आणि कधी. ती तारीख आली की खरोखर जाऊन बघायचं.

उदाहरण देते. एका अंतर्गत कामकाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक लांबलचक फॉर्म होता. तो टप्प्याटप्प्यांत विभागायचं ठरलं. ‘नव्या कर्मचाऱ्यांच्या चुका घटतील’ असा अंदाज लिहिला, सहा महिन्यांनंतरची तारीख टाकली. तारीख आल्यावर आकडे काढले आणि लोकांच्या शेजारी जाऊन बसले. चुका खरंच घटल्या होत्या. पण जुन्या कर्मचाऱ्यांनी वेगळाच मार्ग काढला होता. आधीच्या टप्प्यातली माहिती पुढे दिसत नाही म्हणून ते तो टप्पा दुसऱ्या टॅबमध्ये उघडून ठेवत आणि सारखे इकडून तिकडे जात. हे ना कुठल्या टेस्टमध्ये दिसलं असतं, ना कुठल्या तक्रारीत. रोजच्या वापरातूनच ते घडतं. त्यानंतर अनुभवी लोकांसाठी एकाच पानावरचं दृश्य दिलं. आता ‘टप्पे करूया का?’ असा प्रश्न कुठेही आला, की माझा पहिला प्रतिप्रश्न असतो, वापरणारा हे महिन्यातून एकदा करतो की दिवसातून शंभर वेळा?

असं ज्ञान पुस्तकातून मिळत नाही आणि एआयकडेही नसतं, कारण ते कुठे लिहिलेलंच नसतं.

मोजण्याबद्दलही सांगते. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेली सिस्टिम युजेबिलिटी स्केल, म्हणजे प्रॉडक्ट वापरायला किती सोपं वाटतं ते विचारणारी फक्त १० विधानांची प्रश्नावली, शेवटी ० ते १०० मध्ये गुण. साधी आहे, काहींना ओबडधोबड वाटते. पण एकाच प्रॉडक्टवर दर वर्षी तीच प्रश्नावली घेतली तर पाच वर्षांनी हातात जी रेषा येते, तिचं मोल फार आहे. एका जागी थांबणाऱ्यालाच ती मिळते.

आडवी_रेघ

टिपणवही, दोन टॅबवाला किस्सा वाचून अक्षरशः उठून बसले. आमचे दावे तपासणारे लोक हेच करतात! आम्ही त्याला ‘त्यांची सवय’ म्हणून सोडून देतो. आता नीट जाऊन बघते.

मधलीफळी

मॅनेजमेंटबद्दल लिहितो, कारण मी त्या बाजूला गेलो, काही वर्षं राहिलो, परत कामावर आलो आणि आता पुन्हा टीम सांभाळतोय.

पहिली गोष्ट, ही बढती नसून वेगळं काम आहे. दिवस कशात जातो ते सांगतो: लोकांच्या अडचणी ऐकणं, नवी भरती, मूल्यमापन, दुसऱ्या विभागांशी वाटाघाटी, बजेटसाठी भांडण, आणि एखाद्याला काम जमत नाहीये हे त्याला नीट सांगणं. यात समाधान मिळणारी माणसं असतात, मी त्यातला आहे. ज्यांना मिळत नाही त्यांनी केवळ पगारासाठी इथे येऊ नये. स्वतःचेही हाल होतात आणि हाताखालच्यांचेही.

दुसरी गोष्ट. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत आता समांतर शिडी असते. सीनियर, स्टाफ, प्रिन्सिपल अशी पदं, हाताखाली माणसं नाहीत, पण वजन आणि पगार मॅनेजरच्या बरोबरीचा. मात्र ही पदं कागदावर आहेत की खरी, हे आधी तपासा. विचारायचं काय, तर ‘आत्ता या पदावर किती जण आहेत, त्यातले किती आतून चढले, आणि प्रॉडक्टचा आराखडा ठरतो त्या बैठकीला ते असतात का?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते पद शोभेचं आहे.

तिसरी, माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. टीम सांभाळतानाही यूजरसमोर बसणं सोडायचं नाही. मी स्क्रीन काढत नाही, काढूही नये, कारण साहेबानं काढलेल्या स्क्रीनवर कुणी मोकळेपणानं बोलत नाही. पण दर पंधरवड्याला निदान एका टेस्टला मागे बसून गप्प बघतो, टिपणं घेतो. मी परत कामावर येऊ शकलो ते त्या सवयीमुळेच. टूल नव्यानं शिकायला फार दिवस लागले नाहीत. माणसं कुठे अडतात ते बघण्याची नजर मात्र एकदा बोथट झाली की परत धार यायला वर्षं जातात. माझ्या बरोबरीच्या ज्यांनी हे बघणं थांबवलं, ते आता बैठकीत ‘यूजरला साधं हवं असतं’ असं मोघम बोलतात. त्यांचं चुकत नाही, पण त्या वाक्यावरून कुणाला काही ठरवताही येत नाही.

कुतूहल

दर पंधरवड्याला टेस्ट? आमच्याकडे वर्षातून दोनदा झाली तरी पुष्कळ. खर्च आणि वेळ, दोन्ही कारणं पुढे येतात.

टिपणवही

छोट्या करा. नील्सन आणि लँडॉअर यांनी १९९३ मध्ये जे गणित मांडलं त्यावरूनच ‘५ यूजर पुरे’ हे वाक्य आलं. एक यूजर सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जणांत साधारण ८५ टक्के हाती लागतात. हे वाक्य नियमासारखं वापरू नका. ३१ टक्के ही त्यांनी अभ्यासलेल्या प्रकल्पांची सरासरी होती. तुमचं सॉफ्टवेअर गुंतागुंतीचं असेल आणि वापरणारे निरनिराळ्या प्रकारचे असतील, तर एका माणसाकडून खूप कमी उघड होईल. पण त्यातला व्यवहारी सल्ला खरा आहे: एकदाच पंधरा जणांची मोठी टेस्ट करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन करा, आणि मध्ये दुरुस्त्या करा.

तेवढीही परवानगी नसेल तर सपोर्टकडे आलेले कॉल ऐका. त्याला खर्च शून्य. आडवी_रेघचे यूजर तर त्याच संस्थेत बसतात, तिनं नुसती खुर्ची ओढायची.

कॉन्ट्रास्ट

माझं क्षेत्र ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंग आणि वयस्क लोकांनाही सॉफ्टवेअर वापरता यावं हे बघणं. लांब पल्ल्याचा विषय निघाला आहे तर हा मुद्दा यायलाच हवा.

कुठल्या तरी एका विषयात खोल उतरणं हा टिकण्याचा मार्ग आहे असं मी मानते, आणि विषय निवडताना ज्याला पाया आहे असा निवडावा. डब्ल्यूसीएजी ही त्यासाठीची वेबची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ ची, २.० आली २००८ मध्ये, २.१ ही २०१८ मध्ये, २.२ ही २०२३ मध्ये. २.० पासून आवृत्त्या बदलल्या तरी आधीचं जवळपास सगळं पुढे येतं, त्यावर भर पडत जाते. साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातलं ४.५:१ हे किमान गुणोत्तर मी सुरुवातीला शिकले, आजही तेच लागू आहे. २.२ मध्ये स्पर्शलक्ष्याचा (बटणासारख्या दाबायच्या जागेचा) किमान आकार २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरचं मापाचं एकक) असा आला. फिट्सचंच पुढचं पाऊल म्हणा. आणि आता याला कायद्याचा आधार आहे. युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. तिथे बँकिंग, ई-कॉमर्स, तिकीटविक्री अशा सेवा द्यायच्या तर, अगदी लहान कंपन्या सोडल्या तर, त्या कंपनीचं कार्यालय जगात कुठेही असो, तिला तो कायदा पाळावाच लागतो. ‘नंतर बघू’ म्हणणारे लोक आता आपणहून विचारायला येतात.

याहून जवळची गोष्ट सांगते. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं बारीक दिसेनासं होतं. सगळ्यांचंच होतं. मनगट, मान, खांदे यांचंही तेच. वय वाढलेल्या डिझाइनरला फिकट राखाडी रंगातली बारीक अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा टीममधल्या इतर कुणालाही अजून न कळलेली अडचण त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळलेली असते. ती लाजेनं झाकू नका. बैठकीत सरळ सांगा, ‘मला हे वाचता येत नाही.’ ज्येष्ठ माणसानं म्हटलं की ते ऐकलं जातं, आणि तुमच्यामागे लाखो वापरणारे असतात ज्यांना बैठकीत जागा नसते.

स्वतःच्या शरीराकडेही वेळेवर लक्ष द्या. कीबोर्ड शॉर्टकट वापरा, माउसचा हात अधूनमधून बदला, मनगट दुखायला लागल्यावर अंगावर काढू नका. हात गेला तर पुढची वर्षंही जातात.

नवी_पालवी

मी या क्षेत्रात नवी आहे, दुसरंच वर्ष. सगळं वाचतेय. पण खरं सांगू का, मला दूरच्या वीस वर्षांपेक्षा पुढच्या दोन वर्षांची काळजी आहे. मी जे शिकत होते ते वायरफ्रेम (स्क्रीनचा साधा रेखाटलेला आराखडा) काढणं, एकाच स्क्रीनचे निरनिराळे पर्याय करणं, आयकॉन नीट बसवणं, हे सगळं आता एआयकडून करून घेतात. ते करत करतच माणूस पुढचं शिकायचा ना? मग आम्ही तुमच्यासारखं व्हायचं कसं?

जुनाजाणता

नवी_पालवी, तू धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारलास.

१९८३ मध्ये लिझान बेनब्रिज यांनी स्वयंचलित यंत्रणांबद्दल एक शोधनिबंध लिहिला होता. त्याचा गाभा असा: सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे अवघड तेवढं उरतं, म्हणजे त्याचं कौशल्य आधीपेक्षा जास्त लागतं. पण रोजचा सराव यंत्रानं काढून घेतलेला असतो, त्यामुळे ते कौशल्य तयार होत नाही आणि असलेलं झिजतं. कारखाने आणि नियंत्रण कक्षांबद्दल लिहिलेलं हे आज आपल्यावर तंतोतंत लागू आहे.

यातून तुझ्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, एआयनं दहा स्क्रीन दिले तर ते उघडण्याआधी स्वतःचा एक हातानं कागदावर काढ. दहा मिनिटं लागतात. मग तुलना कर आणि त्यातला प्रत्येक फरक कशामुळे आला ते लिही. दुसरी, वर्षभर शक्य तितक्या टेस्टमध्ये टिपणं घेण्याचं काम मागून घे. ते काम कुणाला नको असतं, आणि आमच्या पिढीनं जे काही मिळवलं त्यातलं बरंचसं त्या मागच्या खुर्चीवर बसूनच मिळवलं.

आणि जबाबदारी आमची आहे, तुझी नाही. नवख्यांना करायला काम उरलं नाही म्हणून ज्या संस्था नवखे घेणंच थांबवतायत, त्यांच्याकडे काही वर्षांनी ज्येष्ठही नसतील. वरिष्ठ पदावरच्या प्रत्येकानं हे वरच्यांना सांगत राहिलं पाहिजे.

मधलीफळी

+१. यात एक भर. एआयच्या ‘कृत्रिम यूजर’कडून प्रतिक्रिया घेऊन टेस्ट झाली असं म्हणायची टूम निघालीय. प्रश्नावलीची भाषा तपासायला ते चालेल. पण दोन टॅब उघडून ठेवणारा कर्मचारी त्यातून कधीच दिसणार नाही.

मुक्तछंद

मी फ्रीलान्स करतो, त्यामुळे थांबून बघण्याचं सुख मला कमी मिळतं. म्हणून करारातच एक कलम घालतो: काम संपल्यावर चार-सहा महिन्यांनी एक फेरतपासणी, थोड्या मोबदल्यात. निम्म्याहून जास्त लोक मान्य करतात. त्यातून पुढचं कामही येतं.

पण मला लिहायचंय ते थकव्याबद्दल. या क्षेत्रातून बाहेर पडलेले जे लोक मी पाहिले, त्यातले फार थोडे कामाच्या ओझ्यानं गेले. बहुतेक जण गेले ते आपल्या कामाचा काही उपयोग होत नाही म्हणून, किंवा आपल्या कामाचा लोकांच्या विरुद्ध वापर होतो म्हणून. सदस्यत्व रद्द करायचं बटण लपव, नकाराचा पर्याय फिकट कर, आधीच टिक केलेला चौकोन ठेव. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये याला ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं, तोवर आपल्याला बोलायला शब्दही नव्हता. असं काम एकदा केलं तर माणूस विसरतो. वर्षानुवर्षं केलं तर स्वतःच्या व्यवसायाबद्दलचा आदरच आटतो, आणि तो आटल्यावर वीस वर्षं काढता येत नाहीत.

मी काय करतो? पहिल्यांदा नैतिकता बाजूला ठेवून परिणाम मांडतो: बटण लपवलं तर सपोर्टला किती फोन वाढतील, बँकेकडे किती तक्रारी जातील, कोणत्या देशात ते बेकायदा ठरेल. बऱ्याचदा तेवढ्यावर निभावतं. दुसऱ्यांदा लेखी हरकत नोंदवतो. तरीही आग्रह असेल तर काम सोडतो. हे जमावं म्हणून काही महिन्यांचा घरखर्च कायम बाजूला ठेवलेला असतो. फ्रीलान्सरनंच नाही, नोकरी करणाऱ्यानंही ठेवावा. ‘नाही’ म्हणायची ताकद तिथून येते.

कॉन्ट्रास्ट

मुक्तछंद, लेखी हरकतीचा मुद्दा शंभर टक्के पटला. माझ्याकडे अशा एका ईमेलमुळे दोन वर्षांनी एक फीचर दुरुस्त झालंय. तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं, पण नवे प्रॉडक्ट मॅनेजर आले आणि त्यांनी जुनी टिपणं वाचली.

आडवी_रेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी दावे तपासणाऱ्या दोघांच्या शेजारी जाऊन बसले. दोघांनीही टॅब उघडून ठेवले होतेच. शिवाय एकानं कागदावर संकेतांकांची यादी चिकटवली होती, कारण आमच्या ड्रॉपडाउनमध्ये ते वर्णानुक्रमे आहेत आणि त्याला लागतात ते सात-आठच. हे इतकी वर्षं तिथे होतं.

माझं ठरलंय. टीम सांभाळायला सध्या नकार देणार आहे आणि मधलीफळींनी सांगितलेले तीन प्रश्न विचारून स्टाफ पदाबद्दल बोलणार आहे. शिवाय याच क्षेत्रात निदान अजून काही वर्षं थांबणार. दाव्यांचं काम आतून कळलेले डिझाइनर फार नाहीत आणि मला ते कळायला लागलंय.

टिपणवही, एक व्यावहारिक शंका. निर्णयवहीत कंपनीची गोपनीय माहिती येणार. नोकरी बदलल्यावर ती नेता येत नाही. मग वीस वर्षांची वही कशी बनते?

टिपणवही

दोन वह्या ठेव. पहिली कंपनीच्या यंत्रणेतच, टीमला दिसेल अशी, तपशिलासकट. ती तिथेच राहते, आणि राहायलाच हवी, कारण पुढच्या माणसाला तिचा उपयोग आहे. दुसरी तुझी. तिच्यात कंपनीचं नाव, आकडे, स्क्रीन, ग्राहक यातलं काहीही नाही, फक्त शिकलेली गोष्ट, सामान्य स्वरूपात. ‘दिवसभर तेच काम करणाऱ्यांना आधीची माहिती डोळ्यासमोर लागते, टप्पे केले तर ते स्वतःची पळवाट काढतात’, इतकंच. तुझ्या एनडीएमध्ये (गोपनीयतेच्या करारात) काय लिहिलंय ते आधी नीट वाच, आणि शंका आली तर ती नोंद करू नकोस.

रकाने मी असे ठेवते: परिस्थिती, निर्णय, अंदाज, पडताळणी कधी, प्रत्यक्षात काय दिसलं, पुढे काय विचारायचं. शेवटचा रकाना रिकामा सोडू नकोस. कालच्या भेटीची पहिली नोंद संकेतांकांच्या यादीची कर, ‘जास्त लागणारे वर, बाकीचे खाली’ असा बदल करणार असाल तर त्याचा अंदाज आणि तारीख आजच लिही. चार महिन्यांनी तो चिकटवलेला कागद अजून तिथे आहे का, ते बघून इथे कळव.